‘खाऱ्या वाऱ्याचा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसलो होतो. तेवढ्यात वीज गेली, ते बरंच झालं. त्या तावात जे लिहिलं असतं ते आज मलाच खोडावं लागलं असतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हापूस बागायतदारांची सामूहिक मार्गदर्शिका आम्ही गिट (फाइलींतला प्रत्येक बदल नोंदून ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि एमकेडॉक्स (साध्या मजकुराच्या फाइलींवरून वेबसाइट बनवणारं) वापरून कशी चालवतो, यावर मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं: काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणं ही मुंबई-पुण्याहून परतलेल्यांची हौस आहे. बदलांची हिस्ट्री काय, ती गूगल डॉक्समध्येही मिळते. तुडतुडे या किडीची लिंक ग्रुपवर टाकली तर भुरी या रोगाचा भाग उघडतो. ‘सामूहिक’ म्हणायचं आणि बदल करायच्या किल्ल्या चौघांकडे ठेवायच्या. आणि शेवटी, ‘मी दिलेली माहिती तुमच्या त्या यंत्राने परस्पर बदलली’.

या शेवटच्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला होता. त्याच्याकडे येतोच.

आधी लिंक. तुमचं शंभर टक्के बरोबर. एमकेडॉक्स पानावरच्या प्रत्येक मथळ्याला एक पत्ता देतं. तो मथळ्याच्या अक्षरांवरूनच बनतो, पण मूळ सेटिंगमध्ये फक्त रोमन अक्षरं धरली जातात. देवनागरी मथळा आला की सगळी अक्षरं गळतात, हाती काहीच उरत नाही, मग पहिल्याला पत्ता मिळतो ‘अंडरस्कोर १’, पुढच्याला ‘अंडरस्कोर २’. आमच्या पानावर भुरी दुसरी होती आणि तुडतुडे तिसरे. डिसेंबरात कुणीतरी सगळ्यांच्या वर फुलकिडे आणून बसवले आणि खालचे एकेक घर सरकले. तुमची लिंक बिचारी तिसऱ्या घरावरच थांबली, तिथे आता भुरी राहायला आली होती. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घातली की पत्ते देवनागरीत बनतात. ती काल घातली. इतके दिवस माझ्या हे लक्षात आलं नाही, कारण मी कुणाला लिंक पाठवतच नाही, माझ्या लॅपटॉपवर थेट पान उघडतो. ग्रुपवर फिरलेल्या जुन्या लिंका आता पानाच्या डोक्यावर उघडतील, तिथून खाली यावं लागेल. त्याला इलाज नाही.

गूगल डॉक्समध्ये हिस्ट्री असते, मान्य. आमचं पहिलं वर्ष तिथेच गेलं. कोणी, कधी, काय बदललं ते दिसायचं. का बदललं ते मात्र नाही. एका औषधाचं प्रमाण लिटरला ‘०.५ मिली’ लिहिलेलं होतं, ते एक दिवस ‘५ मिली’ झालेलं सापडलं. पंप भरायच्या आधी एकाला शंका आली आणि त्याने फोन केला, म्हणून निभावलं. हिस्ट्रीत माणूस मिळाला. तो म्हणाला, ‘मी त्या पानावर काही लिहिलंच नाही.’ तो खोटं बोलत नव्हता, फोनवर वाचता वाचता बोट लागलं असणार. गिटमध्ये बदल कमिट करताना, म्हणजे नोंदीत पक्का करताना, एक वाक्य लिहावं लागतं, कशासाठी बदललं त्याचं. ‘बोट लागलं’ असं वाक्य कुणी लिहीत नाही.

शिवाय गिट ओळीच्या हिशेबाने फरक दाखवतं, जुनी ओळ तांबडी, नवी हिरवी. म्हणून आम्ही प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहितो. वेबसाइटवर त्या ओळी जोडूनच दिसतात, वाचणाऱ्याला कळतही नाही. परिच्छेद सलग लिहिला असता तर एका टिंबासाठी अख्खा परिच्छेद तांबडा-हिरवा झाला असता आणि ते टिंब त्यातच हरवलं असतं. बदल मुख्य शाखेत, म्हणजे सगळ्यांच्या पक्क्या प्रतीत, जाण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेखालून जातो, अशी आमची पद्धत आहे. ‘पद्धत आहे’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढे मला गिळावे लागणार आहेत.

नेटचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण तुम्हीही किनाऱ्यावरचे आहात. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा आमच्या वाडीत कितीतरी दिवस ना वीज, ना टॉवर. पडलेल्या कलमांच्या, मोडलेल्या फांद्यांच्या नोंदी मी शेजाऱ्याच्या जनरेटरवर लॅपटॉप चार्ज करून रोज कमिट करत होतो. गिटमध्ये सगळा इतिहास प्रत्येकाच्या मशिनवर असतो, कमिटला नेट लागत नाही. रेंज आल्यावर एकदाच पुश केलं, म्हणजे सर्व्हरवर पाठवलं.

काळ्या पडद्याबद्दल फार बोलत नाही. पुल, ॲड, कमिट, पुश आणि साइट आपल्याच मशिनवर बघायला एमकेडॉक्स सर्व्ह, या पाच आज्ञांवर आमचं वर्ष जातं. त्रास होतो तो दोघांनी एकच ओळ बदलली की. मग गिट दोन्ही ओळी ठेवून मधे खुणा टाकतं आणि तुम्हीच ठरवा म्हणतं. एकदा एकाने ते न ठरवताच कमिट केलं आणि साइटवर तीन दिवस सात-सात बाणांच्या रांगा झळकत होत्या. कुणी विचारलं नाही. लोकांना ती नक्षी वाटली असावी.

मला खरं छळलं ते वेगळ्याच गोष्टीने, आणि तुमचं टोपणनाव बघून तीच आठवली. ‘खाऱ्या’ आणि ‘वाऱ्या’मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ, हलन्त, मग य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, मधे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. दिसायला दोन्ही सारखंच. पण गिटला ती दोन वेगळी अक्षरं. एकदा ‘वाऱ्याची दिशा बघून औषध मारावं’ ही ओळ तांबडीत आणि हिरवीत अगदी तंतोतंत तीच दिसत होती. मी अर्धा तास भिंग लावल्यासारखा बघत बसलो. आता कमिटच्या आधी एक छोटी स्क्रिप्ट सगळे र एका तऱ्हेचे करते.

आता किल्ल्या. आमच्या यादीत १४ लेखक आहेत आणि टर्मिनल, म्हणजे तो काळा पडदा, उघडणारे ४. हे मी मूळ लेखात लिहिलं नव्हतं, लिहायला हवं होतं. उरलेले दहा जण व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवतात, नाहीतर कागदावर लिहून देतात. आमच्यातले सगळ्यात जुने बागायतदार तर सरळ सांगतात, ‘मियां सांगतंय, तू लिव.’ पण नाव त्यांचंच लागतं. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली गिट लिहिलं ते लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कामासाठी. तिथे लोक ईमेलने पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, पाठवायचे आणि तो लावणारा दुसराच असायचा. म्हणून गिटमध्ये प्रत्येक कमिटवर दोन नावं राहतात: लेखक आणि कमिटर. काकांनी सांगितलं, मी टाइप केलं, तर लेखक काका. ही सोय मला त्या सगळ्या यंत्रात सगळ्यात जास्त आवडते, आणि तुमच्या टीकेला हे चोख उत्तर आहे असं परवापर्यंत मला वाटत होतं.

मग तुमची ओळ शोधली. कुठली ओळ शेवटी कोणी हात लावलेली आहे ते सांगणाऱ्या आज्ञेचं नाव ब्लेम. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

तुम्ही सांगितलेलं मूळ वाक्य असं होतं: ‘खाडीकडच्या बागेत दव उशिरापर्यंत पानावर राहतं, तिथे फवारणी नऊच्या आधी करू नये.’ आज साइटवर होतं: ‘फवारणी सकाळी नऊच्या आधी करू नये.’ बदलणारा मी. वेळ रात्री पावणेबारा. आणि कमिटचं वाक्य: ‘भाषा सुधारली’.

माझी बाग कातळावर आहे. तिथे दव लवकर सुकतं आणि नऊपर्यंत वारा उठायला लागतो, औषध शेजारच्या कलमांवर जातं. म्हणजे तुमच्या खाडीचं शहाणपण मी सगळ्या कोकणाला लागू करून टाकलं, आणि ते माझ्याच बागेला चालणारं नाही. वर लेखक म्हणून तुमचं नाव तसंच पानाखाली. यंत्राने काही बदललेलं नाही. मी बदललं. आणि ज्या दुसऱ्या नजरेची बढाई मी वर मारली, ती या कमिटवरून फिरलीच नाही, कारण आम्ही चौघे आपापले बदल स्वतःच मंजूर करत होतो. दहा जणांचं लिखाण तपासून घ्यायचो, स्वतःचं नाही. तुमचा किल्ल्यांचा मुद्दा मला असा पुराव्यानिशी मिळाला.

काल रात्री चौघे फोनवर बोललो. चौघांपैकी कुणीही स्वतःचा बदल मंजूर करायचा नाही, हे सर्व्हरच्या सेटिंगमध्येच घालून टाकलं. दुसऱ्याच्या वाक्यातला मजकूर गाळायचा असेल तर जुनं-नवं दोन्ही त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं आणि त्याच्या ‘हो’नंतरच पुश करायचं. काम वाढेल. एकाने कुरकुर केली, त्याचंही चूक नाही.

तुमचं वाक्य रिव्हर्ट करून परत जागेवर आणलं आहे. रिव्हर्टने माझा कमिट पुसला जात नाही, तो तिथेच राहतो, ‘भाषा सुधारली’ या शब्दांसकट. कारणाच्या जागी या वेळी पूर्ण वाक्य लिहिलं आहे, साइटवर उघडून बघा.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दवाची ही अडचण तुमच्या खाडीकडे थंडीभर असते की मोहोर येण्याच्या सुमारासच? मोहोरापुरतीच असेल तर त्याची वेगळी ओळ करतो. आणि लेखक म्हणून तुमचं खरं नाव ठेवू की ‘खाऱ्या वाऱ्याचा’? टोपणनाव हवं असेल तर तेही चालेल, स्क्रिप्ट आहे.