श्रेणी : मध्यम

भाच्याचा फोन आला. "मामा, रविवारी हरिहर किल्ल्यावर ट्रेकला चाललोय. श्रेणी मध्यम आहे, तुम्हाला सहज जमेल."

त्या एका शब्दाने मी फसलो. आयुष्यात माझं जे काही आहे ते मध्यमच आहे. वर्ग मध्यम, रेल्वे मध्य, उंची मध्यम. लग्नाच्या वेळी माझ्या माहितीपत्रकात बांधाही मध्यम लिहिला होता (त्याची सुधारित आवृत्ती निघालेली नाही, एवढंच). आमच्याकडे कांदा मध्यम आकाराचा घेतात आणि मध्यम आचेवर परततात. या शब्दाने आजवर माझं कधी वाईट केलं नव्हतं. तरी खात्री म्हणून आकडे पाहिले. कळसूबाई १६४६ मीटर, हरिहर सुमारे ११२०. म्हणजे मध्यमच की! उंची समुद्रसपाटीपासून मोजतात आणि माणूस पडतो तो मात्र मागच्या पायरीवरून, हा हिशेब तेव्हा डोक्यात आला नाही.

त्र्यंबकेश्वरजवळच्या निरगुडपाड्यातून आम्ही सकाळी निघालो. सुरुवातीची शेतं, मग झाडी, मग सोंडेवरचा घसारा. घसाऱ्यावर मी दोन पावलं चढायचो आणि एक खाली यायचो, तरी शिल्लक माझ्याच बाजूने होती. धाप लागली की मी थांबून 'निसर्ग' बघायचो. तासाभरात त्या परिसरातली झाडं माझ्याइतकी कोणी बारकाईने पाहिली नसतील.

मग पठार आलं आणि समोर तो जिना दिसला.

जिना म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. उभ्या कातळाला कोणीतरी ओरखडे काढावेत, तशा त्या पायऱ्या होत्या. त्यावरून मुंग्यांची रांग वर चालली होती. जरा जवळ गेल्यावर लक्षात आलं की मुंग्यांच्या पाठीवर रंगीत सॅक आहेत.

"हे मध्यम?" मी विचारलं.

"चढायला सोपं आहे हो मामा. फक्त थोडं दृष्टिभय आहे."

ट्रेकवाल्यांचा हा खास शब्द. दरी बघून पोटात गोळा येतो, त्याला दृष्टिभय म्हणायचं. म्हणजे डोंगराचा काही दोष नाही, दोष माझ्या दृष्टीचा. चष्म्याचा नंबर बदलून घेतला की झालं.

पायऱ्या करणाऱ्यांनी मात्र माणसाचा विचार केला आहे. प्रत्येक पायरीच्या दोन्ही बाजूंना हात अडकवायला खोबण्या खोदल्या आहेत. शेकडो वर्षांच्या हातांनी आणि पावसाने त्या गुळगुळीत झाल्या आहेत. अडचण एवढीच, की ज्या माणसाच्या मापाने त्या खोदल्या, तो नाचणीच्या भाकरीवर जगत असणार. कातळाला बिलगून चढायचं असा नियम आहे. मी बिलगायला गेलो तर माझं पोट आधी बिलगलं, त्यामुळे उरलेला मी आपोआप दरीकडे ढकलला गेलो. भाचा खालून ओरडत होता, "मामा, भिंतीला चिकटा!" चिकटलोच होतो. एका बिंदूत.

साधारण मध्यावर रांग थांबली. वर जायचा आणि खाली यायचा रस्ता तोच, आणि रविवार. चौकात सिग्नल बंद पडल्यावर जे होतं, ते तिथे उभ्या भिंतीवर झालं. माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर एका अनोळखी तरुणाची पँट होती. तिच्यावरचं धुण्याच्या सूचनांचं लेबल मी तीनदा वाचलं. इस्त्री मध्यम तापमानावर करायची होती. त्याच्याही वर एक मुलगी एका हाताने खोबणी धरून दुसऱ्या हाताने आईला व्हिडिओ कॉल करत होती, "मम्मी, बघ किती डेंजर!" त्या फोनमध्ये मागे मीच दिसत असणार.

एवढ्यात माझा डावा पाय शिवणयंत्रावर बसल्यासारखा लटलटायला लागला. तो मी चालवत नव्हतो.

अशा वेळी माणसाला देव आठवतो म्हणतात. मला इतिहास आठवला. १६७० साली मोरोपंत पिंगळ्यांनी हा किल्ला स्वराज्यात आणला. त्यांच्या माणसांवर वरून धोंडे येत असतील, माझ्यावर फक्त एक अर्धी भरलेली पाण्याची बाटली आली, तरी मी "आई गं" म्हणालो. १८१८ साली इंग्रज आले. त्यांनी किती तरी किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या तोडून टाकल्या, पण या पायऱ्या तेवढ्या वाचल्या. दुर्गप्रेमी याला आपलं भाग्य मानतात. मीही मानायचो, शनिवारपर्यंत.

"सरका जरा दादा," खालून आवाज आला. साठीच्या एक आजी. नऊवारीचा काष्टा, पायात साध्या चपला, डोक्यावर सरबताच्या सामानाची पाटी, आणि हात खोबणीला लावायची गरजच नाही. "खाली नका बघू. खालचं कुठं पळून जातंय?" म्हणत त्या माझ्या बाजूने निघूनही गेल्या. त्यांना कोणी श्रेणी सांगितली नव्हती.

पहिला दरवाजा आला तेव्हा मी मुजरा केला. खरं तर गुडघे वाकले होते, त्याचं मुजऱ्यात रूपांतर केलं. पुढे कातळाच्या पोटातून खोदलेली वाट, जिथे वाकून जावं लागतं. त्या दिवशी वाकणं ही एकच गोष्ट मला विनासायास येत होती. मग पुन्हा पायऱ्या, पहिल्याहून जास्त खड्या. त्यांच्याबद्दल मी काही लिहू शकत नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते.

माथ्यावर मारुतीचं देऊळ, तळं, दगडी कोठार, समोर ब्रह्मगिरी, अंजनेरी, पलीकडे वैतरणेचं पाणी. सगळं सुंदर होतं, आणि मी त्यातलं काही पाहिलं नाही. मी आजींचं लिंबू सरबत पीत उतरायचा विचार करत होतो. तेवढ्यात एका माकडाने माझ्या सॅकची चेन माझ्यापेक्षा सफाईने उघडून बायकोने दिलेले पराठे नेले. मी विरोध केला नाही. परतीला तेवढंच वजन कमी.

उतरताना तोंड कातळाकडे आणि पाठ दरीकडे करायची असते. चढताना निदान डोकं पुढे असतं. उतरताना सगळं नेतृत्व बुडाकडे जातं, आणि त्याला डोळे नसतात. भाचा खालून माझे बूट पकडून एकेका पायरीत बसवत होता. "डावा... अजून खाली... मामा, तो उजवा." लहानपणी त्याला मी बूट घालायला शिकवलं होतं. त्याने व्याजासकट परत केलं.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघालो, तर आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद. तिसरा मजला. पहिलं पाऊल खाली टाकताच मांड्यांनी असहकार पुकारला. इकडेतिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. वळलो, तोंड पायऱ्यांकडे केलं, दोन्ही हात वरच्या पायरीवर टेकले आणि मागे मागे उतरू लागलो. दुसऱ्या मजल्यावर दुधाची पिशवी घेऊन वर येणारे शेजारचे काका थबकले. बराच वेळ बघत राहिले.

"काय हो, किल्ली पडली का?"

"नाही काका," मी म्हटलं. "जरा भिंतीकडून घ्या, तुमची बाजू दरीची आहे."