स्क्रू पिळून पीसी थंड होत नसतो

परवा रात्री साडेदहाला सेलूहून भाच्याचा फोन. "मामा, पीसी चालू व्हायलाय, पण सोळा जीबीची रॅम आठच दिसायलीय." काय केलंस म्हटलं, तर "काही नाही, नवा कूलर फिट केला." कूलर म्हणजे प्रोसेसरच्या, पीसीच्या मेंदूच्या, डोक्यावर बसतो तो धातूचा ठोकळा आणि पंखा. किती फिट, हे खोदून विचारल्यावर खरं बाहेर आलं. दाजींच्या ट्रॅक्टरच्या पेटीतली पक्कड लावून फिट. पक्कड का घेतली, तर एका व्हिडिओत सांगितलं म्हणून. तो व्हिडिओ दोन आठवडे आमच्या भावकीच्या गटापासून भजनी मंडळाच्या गटापर्यंत फिरतोय. मला एकट्याला तिघांनी पाठवला.

त्यातलं म्हणणं असं: कूलरचे स्क्रू जितके आवळाल तितका प्रोसेसर थंड. हाताने होईना तर पक्कड घ्या. स्क्रूच्या स्प्रिंगखाली वायसर टाकून दाब वाढवा, "जर्मनीत हेच करतात". दाब असला की प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात ती, उष्णता पुढे नेणारी पेस्ट लागत नाही. कूलर हाताला गरम लागला की तो बोगस. आणि परदेशी व्हिडिओत ६० अंश दाखवतात, तुमचे ८० झाले तर स्क्रू ढिला राहिलाय.

आधी जर्मनीचं बघू, कारण पोरगं तिथंच फसलं. जगात जर्मनी, भारतात परभणी हे ऐकतच आपण मोठे झालो, त्यामुळे जर्मनी म्हटलं की आपली मान आपोआप डोलते. तर जर्मनीत वायसर टाकले होते, हे खरं आहे. २०२२च्या सुरुवातीला इगोर्स लॅब या तिथल्या संकेतस्थळाने इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरवर हा प्रयोग केला. मदरबोर्डवर, म्हणजे पीसीच्या मुख्य पाटीवर, प्रोसेसर बसतो त्या जागेला सॉकेट म्हणतात. एलजीए १७०० सॉकेटचा हा प्रोसेसर आधीच्यासारखा चौरस राहिला नाही, ३७.५ बाय ४५ मिलिमीटर असा लांबट झाला. सॉकेटची पत्र्याची झडप मात्र त्याला मधोमध, दोन बाजूंनी दाबते. लांबट वस्तू मध्येच दाबली की मध्ये खचते आणि टोकं वर राहतात. मग कूलरचा तळ टोकांवर टेकतो आणि मधली पोकळी पेस्टने भरावी लागते. त्या लोकांनी झडपेची चौकट आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये एक मिलिमीटरचे वायसर सारले. चौकट वर उचलली गेली, झडपेचा दाब कमी झाला आणि तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं. दाब कमी झाला म्हणून उतरलं! कूलरच्या स्प्रिंगशी त्याचा काही संबंध नव्हता. व्हिडिओवाल्याने वायसर तेवढे उचलले, जागा बदलली आणि अर्थ उलटा केला. इंटेलने तर झडपेत असला बदल केला तर वॉरंटी जाऊ शकते असंच सांगितलंय, ते यात कुठेच नाही.

जास्त दाबाने काय होतं हेही काही गुपित नाही. २०१५च्या डिसेंबरात इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरची खालची पातळ पट्टी काही कूलरच्या दाबाने वाकते, अशा बातम्या आल्या. तेव्हा सायथ या जपानी कंपनीने आपल्या कूलरसाठी वेगळे स्क्रू फुकट देऊ केले, कमी दाबाचे. कूलर बनवणाराच दाब कमी करतो आणि आपला हा गडी पक्कड घ्या म्हणतो.

भाच्याची रॅम कुठं गेली? कुठंच नाही. रॅमशी बोलणारा भाग प्रोसेसरमध्येच असतो आणि प्रोसेसर सॉकेटमधल्या १७०० बारीक पिनांवर टेकलेला असतो. एक कोपरा वाजवीपेक्षा दाबला की दुसरीकडच्या पिनांचा संपर्क कच्चा होतो आणि रॅमचा एक चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटांतली एक, गायब. कूलर काढून त्याने फोटो पाठवला. एका कडेला पेस्ट पार निघून तळाचं तांबं चमकत होतं, समोरच्या कडेला सायीसारखा जाड थर. वायसर काढायला लावले, पेस्ट पुसून नवी लावली, चारही स्क्रू दोन-दोन वेढे, समोरासमोरचे, असे फिरवायला सांगितले. सोळाच्या सोळा परत.

दाजींना हे एका वाक्यात कळलं. मागून त्यांचाच आवाज आला, "इंजिनच्या हेडचे बोल्ट आडवे-तिडवे आवळायचे असतात रे, ह्यानं एकेक पुरा पिळला व्हय?" हो दाजी, एकेक पुरा पिळला.

आता कबूल करायचं ते करतो. दाब लागतोच. इंटेलच्या डब्यातल्या कूलरची चारांपैकी एक प्लॅस्टिकची खुंटी नीट बसली नाही, तरी प्रोसेसर बघता बघता १०० अंशांना भिडतो आणि आपला वेग आपणच कमी करतो. ढिल्यापासून योग्यपर्यंत मोठा फरक पडतो, कारण पेस्टचा थर पातळ होतो. पण तो एका मर्यादेपर्यंतच पातळ होतो, पुढे पिळलेलं सगळं मदरबोर्डला भोगावं लागतं. चांगल्या कूलरचे स्क्रू म्हणूनच ठरावीक ठिकाणी अडतात. अडला की थांबायचं, एवढंच.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. पेस्ट नको म्हणणाऱ्याला दोन्ही धातू गुळगुळीत दिसतात, पण त्यांच्यामध्ये सूक्ष्म खड्डे असतात आणि त्यात हवा अडकते. तांब्यापुढे हवेची उष्णता वाहून नेण्याची ताकद हजारो पटींनी कमी. कूलर गरम लागला तर उष्णता त्याच्यापर्यंत पोचतेय असा अर्थ. प्रोसेसर ९५ वर आणि कूलर गार, तेव्हा घाबरा.

आणि ते ६० विरुद्ध ८०. परदेशी व्हिडिओवाल्याची खोली एसीची, २२ अंशांची. भाच्याची पत्र्याखालची, मे महिन्यात दुपारी सहज ४०. दोघांच्यातून खोलीचं तापमान वजा करा: ३८ आणि ४०. कूलर जवळपास तेवढंच काम करतोय. खोलीपेक्षा थंड करणं त्याच्या हातात नाही, कितीही आवळा. त्यापेक्षा शेजारच्या जिनिंगचा कापूस त्याच्या पात्यांत अडकलाय का ते बघा.

भाच्याच्या एका स्क्रूचे आटे गेलेत, तो आता अडतच नाही, नुसता फिरतो. सुटा स्क्रू सेलूत मिळेना, परभणीत मिळेना. परवा नांदेडला जाणार आहे, तिथं बघतो.