कैच्या, आग आणि ‘मालकांची संघटना’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उत्तर देऊन सोडून देण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहिते. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायचं तर, इथे अमेरिकेत घराचं छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या (इंग्रजीत ट्रस), मजल्याखालचे तसलेच ट्रस आणि भिंतींचे सांगाडे कारखान्यात तयार होऊन साइटवर येतात. ते बनवणाऱ्यांची एक राष्ट्रीय संघटना आहे : स्ट्रक्चरल बिल्डिंग कंपोनंट्स असोसिएशन, म्हणजे एसबीसीए. 1983 साली वुड ट्रस कौन्सिल ऑफ अमेरिका या नावाने ती सुरू झाली, कचेरी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला. कोविडनंतरच्या वर्षात अशा संघटनेचा लहान कारखान्यांना काय आधार होता, हे मी मागच्या लेखात लिहिलं होतं.

त्यावर तुम्ही लिहिलंत : “हा शेवटी मालकांचा कंपू, स्वतःची पाठ थोपटणारा. 2021 मध्ये लाकूड तिप्पट-चौपट झालं तेव्हा यांनी हात धुऊन घेतले, भुर्दंड घर घेणाऱ्याला. आणि बांधतात काय, तर काडेपेट्या! हॅकेन्सॅकची आणि एजवॉटरची आग आम्ही न्यू जर्सीवाले विसरलेलो नाही. आमच्या पीडब्ल्यूडीच्या सागवानी कैच्या शंभर वर्षं उभ्या आहेत, त्यांना कुठली संघटना लागली नाही. मुलाने पेनसिल्व्हेनियात असलंच घर घेतलंय, म्हणून जास्तच काळजी वाटते.”

पैशाचा मुद्दा आधी घेते, कारण तो लवकर संपतो. घर घेणाऱ्याला भुर्दंड पडला हे शंभर टक्के खरं. 2021 च्या मे महिन्यात लाकडाच्या वायद्याचा भाव हजार बोर्ड फुटांना (बोर्ड फूट हे लाकूड मोजायचं इथलं माप) 1,600 डॉलरच्या वर गेला होता. वर्षभरापूर्वी तो 350 च्या आसपास होता. त्याच वसंतात घरबांधणी व्यावसायिकांच्या संघटनेने हिशेब मांडला की नव्या घरामागे सरासरी जवळजवळ 36,000 डॉलर नुसत्या लाकडामुळे वाढलेत. पण काका, हा पैसा कैचीच्या कारखान्यात थांबला नाही. आम्ही कैच्यांचे कारखानेवाले लाकूड विकत घेणारे. झाड तोडून फळी काढते ती सॉ मिल, भाव सुटले ते तिथे. बिल्डरला जानेवारीत दिलेल्या कोटेशनवर माल मेमध्ये पोचवायचा, तर मधली सगळी वाढ कारखान्याच्या अंगावर. एका गावात वीस-तीस माणसांवर चालणारा, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या हातातला कारखाना अशा चार ऑर्डरींत बसतो. करारात भाववाढीचं कलम कसं घालावं, कोटेशन किती दिवस बांधून ठेवावं, याचे नमुने त्या काळात बांधकाम क्षेत्रातल्या संघटनांनी सभासदांच्या हातात दिले. लहान कारखान्याला वकील परवडत नाही, त्याला हा आधार फार मोठा होता. आणि संघटनेत बसून भाव ठरवायचे म्हणाल, तर 1890 च्या शर्मन कायद्याखाली तो थेट गुन्हा आहे. स्पर्धक एका टेबलाशी बसले की दराचा विषय काढायचा नाही, ही ताकीद इथे आधीच दिलेली असते.

बंदीचा काळही लक्षात घ्या. मार्च 2020 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांनी बांधकामासकट बहुतेक धंदे बंद केले. बांधकाम पुन्हा सुरू झालं ते 1 मेला. शेजारच्या राज्यांचे नियम वेगळे, केंद्राची अत्यावश्यक धंद्यांची यादी वेगळी. आमच्या भागातला माल तीन-तीन राज्यांत जातो. कामगारांना बोलवायचं की नाही, ट्रक सोडायचा की नाही, हे विचारायला मालक कुणाकडे जाणार?

आता जिथे मला खरोखर पोटतिडकीने सांगायचंय तिथे येते. संघटनेचं वर्ष कसं गेलं हे मी तिच्या प्रदर्शनावरून किंवा पुरस्कारांवरून ठरवत नाही. ट्रसच्या गठ्ठ्याला ठोकलेल्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीवरून ठरवते.

तुम्ही इंजिनीअर आहात, म्हणून तुम्हाला हे पटेल. घरात लोक राहायला आल्यावर कैची कोसळली, असं क्वचित घडतं. ती कोसळते बसवताना. क्रेनने एकेक कैची वर जाते, भिंतीवर उभी राहते, आणि तेव्हा तिची जाडी असते अवघी दीड इंच. उंची आठ-दहा फूट, लांबी चाळीस फूट. वरून येणारं वजन घ्यायला ती भक्कम, पण बाजूने धक्का बसला की काही नाही. घाईत असलेली गँग काय करते, तर वरच्या कडेवर आडव्या पट्ट्या मारत जाते आणि समजते की सगळ्या एकमेकींना धरून आहेत. धरून असतातच, पण सगळ्या मिळून एकाच बाजूला झुकायला मोकळ्या. पहिली कैची जमिनीपर्यंत नीट टेकवून पक्की केलेली नसेल आणि तिरपे बंध नसतील, तर वाऱ्याच्या एका झोतात रांगच्या रांग आडवी होते, वर बसलेल्या माणसांसकट. आडवी पट्टी एकटी पुरत नाही, तिरपा बंध हवाच, एवढं एक वाक्य न कळल्यामुळे माणसं जायबंदी होतात.

हे वाक्य त्या पिशवीत असतं. एसबीसीए आणि ट्रस प्लेट इन्स्टिट्यूट (सांध्यांवरच्या पत्र्याच्या प्लेट बनवणाऱ्यांची संस्था) या दोघांनी मिळून बीसीएसआय नावाची, कैच्या सुरक्षित हाताळण्या-बसवण्याची मार्गदर्शिका केली आहे. तिच्यातले बी-1, बी-2 असे सुटे तक्ते कारखान्याला गठ्ठ्यासोबत पाठवता येतात. बी-1 इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत आहे, कारण छतावर चढणाऱ्या गँगमध्ये स्पॅनिश बोलणारे खूप. त्यात गोलमाल सल्ले नाहीत. कैचीचा गाळा, म्हणजे आधारांमधलं अंतर, 30 फुटांपर्यंत असेल तर वरच्या कडेचे आडवे बंध जास्तीत जास्त 10 फुटांवर, 30 ते 45 ला 8 फुटांवर, 45 ते 60 ला 6 फुटांवर. तिरपे बंध दर दहा कैच्यांना. साठ फूट आणि त्यापुढे गेलात तर हा तक्ता बंद करा, नोंदणीकृत इंजिनीअरकडून बंधांचं वेगळं डिझाइन घ्या.

बी-4 हा तक्ता मला सगळ्यात आवडतो. नव्या बसवलेल्या कैच्यांवर माल किती रचायचा ते त्यात आहे. जिप्सम बोर्ड 12 इंच उंचीपर्यंत, प्लायवुड 16 इंच, डांबरी शिंगल्सचे (छपरावर घालायच्या पट्ट्यांचे) दोनच गठ्ठे, सिमेंटचा ब्लॉक 8 इंच. फोर्कलिफ्टवाला सगळा माल एका जागी उतरवून मोकळा होतो, कारण त्याला पुढच्या साइटवर जायचं असतं. कारखान्याचं ड्रॉइंग त्याला कुणी दाखवत नाही, आणि दाखवलं तरी पौंड-प्रति-चौरस-फूट हे त्याच्या कामाचं नाही. ‘दोन गठ्ठे’ मात्र त्याला लगेच कळतं. एखाद्या इंजिनीअरला हे सुचायला अवघड नाही, पण देशभरातल्या शेकडो कारखान्यांच्या गठ्ठ्यांवर तेच चित्र आणि तोच आकडा गेला तरच गँगला त्याची सवय लागते. हे काम एकटा कारखाना करू शकत नाही, सरकारी खातं इतक्या बारकाव्यात शिरत नाही. संघटना हवी ती इथे.

सागवानी कैच्यांबद्दल तुम्ही लिहिलंत त्यात मी तुमच्याच बाजूची आहे. कोकणातल्या जुन्या कचेऱ्या, डाकबंगले, शाळा यांच्या कैच्या मी मान वर करकरून पाहिल्या आहेत. पण त्या टिकल्या त्या जाड लाकडामुळे आणि बोल्ट-पट्ट्यांच्या सांध्यांमुळे. प्रत्येक तुकडा सुताराने जागेवर तासून बसवला. आज त्या मापाचं सागवान सामान्य माणसाच्या घरात कोण घालणार? इथल्या कैचीची गोष्ट उलटी आहे. पातळ, लवकर वाढणारं पाइन किंवा स्प्रूस, आणि सांध्यावर दोन्ही बाजूंनी दाबलेली दातेरी जस्ती पत्र्याची प्लेट. 1950 च्या दशकात फ्लोरिडात ही प्लेट निघाली, 1955 मध्ये कॅल्विन ज्युरिटने वेगळे खिळे न लागणारी ‘गँग-नेल’ काढली, आणि मध्यमवर्गीय घराचं छत स्वस्त झालं. त्यामुळे सगळा भरवसा त्या दातांवर. प्लेट टेबलावर बसते, वरून रोलर जातो, दात सुमारे तीन अष्टमांश इंच लाकडात शिरतात. तपासणारा माणूस प्लेटच्या कडेला डोळा लावून लाकूड आणि पत्रा यांत फट राहिली का बघतो, गाठ आलेल्या जागेवर किती दात बसलेत ते मोजतो. सागवानी कैचीत ही काळजी सुताराच्या हातात होती, इथे ती तपासणीच्या कागदावर आहे. तो कागद नीट भरला जावा म्हणून संघटना कारखान्यांतल्या तपासणीसाठी कार्यक्रम चालवते, माणसांना शिकवते. तुम्ही ज्याला ‘स्वतःची पाठ थोपटणं’ म्हणता, त्यातला मोठा भाग हा आहे.

आता आग. इथे तुमचा राग रास्त आहे आणि मी तो कमी लेखणार नाही.

21 जानेवारी 2015 ला एजवॉटरच्या अॅव्हलॉन संकुलात नळाची दुरुस्ती करणाऱ्या देखभाल कामगारांच्या टॉर्चने भिंतीच्या आत ठिणगी लागली, आणि 408 पैकी सुमारे 240 सदनिका गेल्या. कुणी दगावलं नाही हे नशीब. तिथे स्प्रिंकलर (आगीवर आपोआप पाणी फवारणारे नळ) होते, पण ते राहत्या खोल्यांसाठी. ज्या नियमाखाली ते बसवले होते त्यात भिंतींतल्या आणि माळ्यावरच्या पोकळ्यांना सक्ती नव्हती, आणि आग धावली ती त्याच पोकळ्यांतून. हलक्या लाकडी बांधकामाचा हा खरा धोका आहे. जाड तुळई जळते तेव्हा बाहेरून कोळसा धरते आणि आतलं लाकूड बराच वेळ शाबूत राहतं. दीड इंचाच्या तुकड्याला दोन्हीकडून आग लागली तर आत शाबूत राहायला काही उरत नाही. त्यात प्लेटचे दात इतके उथळ की वरचा थर कोळसला की पकड गेली.

मात्र एक दुरुस्ती करते. तुम्ही 1988 ची हॅकेन्सॅकची आगही याच खात्यात टाकली आहे. फोर्ड गाड्यांच्या त्या दुकानात अग्निशमन दलाचे पाच जवान गेले, पण ते छत जुन्या बोस्ट्रिंग प्रकारच्या, म्हणजे धनुष्यासारख्या कमानीच्या, जड लाकडी ट्रसचं होतं, दातेरी प्लेटचं नाही. त्या आगीनंतर न्यू जर्सीने नियम केला, म्हणून तुमच्याकडे इमारतींच्या दाराशी परावर्तक त्रिकोण दिसतो. त्यात ‘एफ’ म्हणजे मजल्याला ट्रस, ‘आर’ म्हणजे छताला. आत शिरणाऱ्या जवानाला आधी कळावं एवढ्यासाठी. हा नियम मला अगदी योग्य वाटतो. जड ट्रसलाही आग लागली की तो पडतोच.

मग उपाय काय? अंडररायटर्स लॅबोरेटरीज या सुरक्षा चाचण्या करणाऱ्या संस्थेने 2008 मध्ये मजल्यांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. खालून उघडा असलेला आय-जॉइस्टचा (इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराच्या हलक्या तुळयांचा) मजला सुमारे 6 मिनिटांत कोसळला, जुन्या पद्धतीच्या 2 बाय 10 इंची फळ्यांचा उघडा मजला पावणेएकोणीस मिनिटांनी. प्लेटच्या ट्रसच्या मजल्याला खालून जिप्सम बोर्ड लावल्यावर तो अर्ध्या तासाच्या आसपास टिकला. म्हणजे प्रश्न नुसता ट्रस की फळी असा नाही, खालून आच्छादन आहे की नाही हा आहे. 2012 च्या निवासी संहितेत (घरबांधणीची आदर्श नियमावली, राज्यं ती स्वीकारतात) म्हणूनच तरतूद आली : मजल्याच्या खालून किमान अर्धा इंच जिप्सम बोर्ड लावा, किंवा स्प्रिंकलर घाला. थोडे अपवाद आहेत, 2 बाय 10 च्या फळ्यांना सूट आहे.

इथे संघटनेबद्दल माझंही स्पष्ट मत आहे. 2009 च्या संहितेने एक-दोन कुटुंबांच्या नव्या घरांना स्प्रिंकलर सक्तीचे केले, आणि बांधकाम क्षेत्राने राज्याराज्यांत त्याला विरोध केला. पेनसिल्व्हेनियाने 2011 च्या जानेवारीत सक्ती आणली आणि त्याच वर्षी काढून टाकली. आज कॅलिफोर्निया आणि मेरीलँडसारखी मोजकीच राज्यं ती पाळतात. माझ्या मते कैच्या बनवणाऱ्यांनी या विरोधापासून लांब राहून उलट बाजूने उभं राहायला हवं. आपला माल पातळ आहे हे आपल्याला सगळ्यांत जास्त माहीत, तेव्हा तो झाकूनच वापरा हे आपणच मोठ्याने सांगितलं पाहिजे. संघटना अग्निशमन दलांसाठी प्रशिक्षणाचं साहित्य करते, ते चांगलं आहे. पण बांधताना जे तक्त्यावर ‘दोनच गठ्ठे’ असं ठणकावून लिहितात, त्यांनी मजल्याच्या ट्रसच्या गठ्ठ्यावर ‘खालून बोर्ड लावल्याशिवाय वापरू नका’ असंही तितक्याच मोठ्या अक्षरात लिहावं. तुमच्या प्रतिक्रियेतला हा भाग मी आमच्या मालकांपुढे मांडणार आहे, आणि आमच्या भागातल्या शाखेच्या बैठकीतही तो घ्यावा असं सांगणार आहे.

राहता राहिलं तुमच्या मुलाचं घर. पुढच्या वेळी जाल तेव्हा बेसमेंटमध्ये उतरून वर बघा. वर पांढरं जिप्सम बोर्ड दिसलं तर बरंच काम झालेलं आहे. लाकूड उघडं असेल, तर ते प्लेटचे ट्रस आहेत, इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखे जॉइस्ट आहेत की सरळ फळ्या, ते पाहा. पहिल्या दोन्ही प्रकारांत खालून अर्धा इंच बोर्ड लावून घ्या, आणि घर गरम करायची भट्टी किंवा वॉटर हीटर असलेल्या भागापासून सुरुवात करा. मात्र बोर्ड लावणाऱ्याला किंवा पाइप टाकणाऱ्याला ट्रसचा एकही तुकडा कापू देऊ नका, खाचही पाडू देऊ नका. कापायची वेळ आलीच तर आधी कारखान्याकडून दुरुस्तीचं ड्रॉइंग घ्यावं लागतं. कारखान्याचं नाव बहुतेक वेळा ट्रसवरच्या शिक्क्यात असतं. फोटो पाठवलेत तर काय आहे ते पाहून लगेच सांगते.