साठीतले बँड आणि कॅसेटवरची आठवण

एका लेखात वाचलं, साठीला टेकलेले बँड प्रत्यक्ष बघू नयेत, कॅसेटवरची आठवण बिघडते. अर्धंच पटलं.

१५ डिसेंबर २०१९, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. यू टू हा आयरिश रॉक बँड भारतात पहिल्यांदाच आला होता. त्यांचा १९८७चा 'द जोशुआ ट्री' हा अल्बम मी कॉलेजात इतका घासला होता की बी बाजूची टेप रडायला लागली होती. हार्बर लाइनने गेलो, गाडीत अर्धे लोक काळ्या टी-शर्टात, बरेचसे माझ्यासारखे पोट सुटलेले.

सुरुवातीला ड्रमर लॅरी मलन एकटाच चालत येऊन ड्रम्सवर बसला. मागचा अवाढव्य पडदा अजून बंदच. मग त्यांच्या जुन्या 'संडे ब्लडी संडे' गाण्याचा तो लष्करी ठेका. कॅसेटवर हा ठेका कानात वाजायचा, इथे बरगड्यांत वाजला. शेजारचा अनोळखी गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, कारण माझीही तीच अवस्था!

गायक बोनोचा आवाज वरच्या पट्टीत पूर्वीसारखा चढत नाही, हे खरंय. तिथे तो सरळ आमच्याकडून गाऊन घेत होता. १९७६ पासून तेच चौघे एकत्र आहेत, एवढं तर आमचा कॉलेजचा ग्रुपही टिकला नाही. शेवटाकडे रहमान आला तेव्हा माझा घसा पार बसला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात खुणांनीच बोललो.