ई-स्पोर्ट्सचा कॅप्टन आणि ग्रुपवर फिरणारा तो मजकूर

डिचोलीपासून फोंड्यापर्यंत पसरलेल्या आमच्या नात्यातल्या प्रत्येक ग्रुपवर चवथीपासून एक मजकूर फिरतो आहे. तो म्हणतो: ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, हा जुगार आहे, म्हणूनच सरकारने २०२५ मध्ये त्यावर बंदी घातली; त्यातला कॅप्टन म्हणजे हेडफोन लावून सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा पोरगा; आणि बाविशीत बोटं थकली की खेळाडू घरी बसतो. माझा भाचा म्हापशात कॉलेजात आहे आणि बीजीएमआय या मोबाईलवरच्या बंदुकबाजीच्या खेळातल्या चार जणांच्या संघाचा कॅप्टन आहे. हे वाचून माझ्या बहिणीने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. म्हणून लिहितो आहे.

जुगाराचं आधी. गोव्यात हा घोळ का होतो, ते समजू शकतं. मांडवीतल्या कॅसिनोंचा धंदाही 'गेमिंग' याच नावाने चालतो. पण ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. ई-स्पोर्ट्सची व्याख्या त्याच कायद्यात वेगळी केलेली आहे. स्पर्धेची नोंदणी फी चालते, जिंकल्यावर बक्षीस चालतं, पैज चालत नाही. कायद्याच्या नावात नियमनाच्या आधी 'प्रोत्साहन' शब्द आहे, तो निदान वाचायला हवा होता. आणि बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे सोपवलं गेलं ते त्याहीआधी, डिसेंबर २०२२ मध्ये.

आता कॅप्टन. मजकुरातलं हे वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं.

काउंटर-स्ट्राइक हा संगणकावरचा बंदुकबाजीचा खेळ घ्या. पाच जणांचा संघ. फेरी सुरू व्हायच्या आधी बंदुका खेळातल्याच पैशांतून विकत घ्याव्या लागतात; एके-४७ ला २७०० लागतात. दोघांकडे तेवढे आहेत, तिघांकडे नाहीत. मग आत्ता आहे त्यात लढायचं, की ही फेरी सोडून पैसे साठवायचे आणि पुढच्या फेरीला पाचही जण पुऱ्या तयारीनिशी उतरायचे? हे काही सेकंदांत कॅप्टन ठरवतो. चुकलं तर त्याची किंमत पुढच्या दोन-तीन फेऱ्यांना मोजावी लागते. शिवाय समोरचे कुठून घुसतील याचा अंदाज घ्यायचा, कुणाला कुठे उभं करायचं ते सांगायचं, सतत हरणाऱ्या साथीदाराचा धीर राखायचा. एवढं डोक्यात चालू असताना स्वतःचा नेम मागे पडतो. या खेळातला डेन्मार्कचा नावाजलेला कॅप्टन फिन अँडरसन, ज्याला सगळे कॅरिगन म्हणतात, कित्येकदा गुणफलकात स्वतःच्याच संघाच्या तळाशी दिसतो. आकडे बघणाऱ्याला वाटेल, हा संघात कशाला?

आपल्याकडे फुटबॉल कळणाऱ्यांना हे सांगायची गरज पडू नये. ब्रह्मानंद शंखवाळकर गोलरक्षक होते आणि भारताचे कर्णधारही. गोलरक्षकाला अख्खं मैदान समोर दिसतं, म्हणून तो मागून हाका घालतो. त्या हाकांना कुणी आरडाओरडा म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

एका रात्री मी भाच्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो. आवाज इतका हळू की मला पुढे वाकावं लागलं. "थांब. झोन बदलू दे. तू डावीकडचं घर धर." (झोन म्हणजे खेळातली सुरक्षित जागा.) एक जण घाईत पुढे गेला आणि मेला. हा फक्त म्हणाला, "असू दे, पुढचं बघ."

बाविशीचं म्हणाल तर, हाच कॅरिगन २०२२ मध्ये अँटवर्पला मेजर, म्हणजे काउंटर-स्ट्राइकची सगळ्यांत मोठी स्पर्धा, जिंकला तेव्हा ३२ वर्षांचा होता. लीग ऑफ लेजंड्स या दुसऱ्या संगणकी खेळातला कोरियाचा फेकर २०१३ मध्ये पहिल्यांदा जगज्जेता झाला आणि २०२५ मध्ये सहाव्यांदा, वयाच्या २९ व्या वर्षी. शरीर कुरकुरतं, हे मात्र खरं. फेकरलाच २०२३ मध्ये हाताच्या दुखापतीने काही आठवडे बाहेर बसावं लागलं. अॅस्ट्रॅलिस या काउंटर-स्ट्राइक संघाला चार मेजर जिंकून देणारा कॅप्टन ग्लेव्ह २०२० मध्ये मानसिक ताणामुळे रजेवर गेला. तेव्हा झोप, मनगट आणि मन यांची काळजी घ्या, असं कुणी सांगितलं तर मी त्याच्या बाजूने आहे.

खरा धोका मात्र त्या मजकुरात कुठेच नाही. खेळ कंपनीच्या मालकीचा असतो आणि तो एका आदेशाने बंद पडू शकतो. पबजी मोबाईलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तो खेळ बीजीएमआय होऊन परतला, २८ जुलै २०२२ ला पुन्हा अडवला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधले दहा महिने मुलं सराव कशाचा करणार होती? २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे क्लब आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेतून बाहेर पडले तेव्हा गोव्याच्या फुटबॉलपटूंचंही नुकसान झालं, पण चेंडू आणि मैदान त्यांच्याकडे उरलं होतं. इथे मैदानच नाहीसं होतं.

म्हणून भाच्याला मी दोनच अटी घातल्या आहेत. पदवी पुरी करायची, आणि एखाद्या संघाचा करार आला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवायचा: खेळ बंद पडला तर पगाराचं काय, बक्षिसातला वाटा किती, संघ सोडायचा झाला तर किती भरायचे. दोन्ही त्याने मान्य केल्या.

परवाच्या सामन्याला मी बहिणीलाही शेजारी बसवलं. सामना संपल्यावर तिने त्याला एकच विचारलं, "तो पहिल्यांदा मेला तो कोण रे? त्याला तू काहीच कसा बोलला नाहीस?" मग तो तिला अर्धा तास समजावत बसला.