मोठा डायनामो बसवणं हे ‘दोन बोल्टचं काम’ नाही

‘जुन्या गाडीला ९० अँपिअरचा अल्टरनेटर बसवा, दोन बोल्टचं काम आहे, बॅटरी परत कधी उतरणार नाही’ असा मेसेज सध्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. अल्टरनेटर म्हणजे आपण ज्याला डायनामो म्हणतो तोच, इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज करणारा आणि बॅटरी चार्ज करणारा. परवा तो माझ्या मामांनीच मला पाठवला. त्यांचा जुना टाटा ४०७ ट्रक नाशिक बाजूला भाजीपाल्याच्या भाड्यावर चालतो. मेसेजखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘रविवारी बसवून घेतो.’ रविवार यायच्या आत हे लिहिणं भाग आहे.

पहिला दावा: ‘जुन्या ब्रॅकेटलाच (इंजिनवर अल्टरनेटर धरणाऱ्या पट्टीलाच) बसतो. नाही बसला तर वॉशर घाला किंवा पट्टीला वेल्डिंग मारा.’ सगळ्यात जास्त नुकसान करणारी ओळ हीच. मोठा अल्टरनेटर वजनाला जड असतो, त्याचे कान (बोल्ट जातो ती भोकं असलेले भाग) वेगळ्या अंतरावर असतात आणि पुलीही (बेल्ट चढतो ते चाक) पुढे-मागे येते. कान आणि ब्रॅकेट यांच्यातली फट तशीच ठेवून बोल्ट आवळला की ॲल्युमिनियमचा कान तुटतो. आज नाही तुटला तर डिझेल इंजिनच्या थरथराटाने महिन्याभरात तुटेल. वॉशरची चळत भरली तर प्रत्येक वॉशर थोडाथोडा दबतो आणि बोल्ट सैल होतो. तिथे लेथवर मापाचा एकच बुश (फट भरणारी नळी) करून घालावा लागतो. मूळ ब्रॅकेट बिडाचा असेल तर साध्या रॉडने मारलेल्या वेल्डिंगशेजारी बीड ठिसूळ होतं आणि नेमकी तिथूनच चीर जाते. ब्रॅकेट जाड पोलादी प्लेटचा नवा करा, तोही इंजिनपासून बाजूला, बाकावर. पुली रेषेत आहे का ते सरळ पट्टी लावून बघा. डोळ्याचा अंदाज इथे चालत नाही. पुली तिरकी राहिली तर बेल्ट कड खातो आणि एक दिवस उडतो. अशा जुन्या इंजिनांत बहुतेक वेळा तोच बेल्ट पंखा आणि वॉटर पंपही फिरवतो. म्हणजे कसारा घाट चढताना बेल्ट गेला तर इंजिन तापतं, आणि प्रश्न चार्जिंगचा उरत नाही, इंजिनच्या हेड गॅस्केटचा होतो.

त्यातच मेसेज सांगतो, ‘बेल्ट ओरडला तर अजून ताणा.’ जुन्या डायनामोच्या ३५ ऐवजी ९० अँपिअर काढायचे तर बेल्टवरचा भार पूर्ण लोडला अडीचपट होतो. एकेरी बेल्टला तो झेपत नसेल, तर ताणून वॉटर पंपाचं बेअरिंग तेवढं जाईल. दुहेरी पुली लावा, नाहीतर कमी अँपिअरचा अल्टरनेटर निवडा.

‘जुनी वायर चालते, फ्यूज उडत असेल तर थेट जोडा.’ हे वाचून मला राग आला. ४ स्क्वेअर एमएमची ३ मीटर तांब्याची वायर घ्या. ३५ अँपिअरला तिच्यात सुमारे १६ वॅट उष्णता होते, ९० अँपिअरला १०० वॅटच्या वर. शिवाय वाटेत एक व्होल्टहून जास्त गळतो, म्हणजे एवढं करून लोड असताना बॅटरी अर्धवटच चार्ज होणार. २५ स्क्वेअर एमएमची वायर टाका, इंजिन ते चासी आणि चासी ते बॅटरी अर्थिंगही तेवढंच जाड करा. फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळ हवाच, कारण वायर घासून चासीला लागली तर आग लावणारा करंट बॅटरीकडूनच येतो.

‘गाडी उभी असली तरी पूर्ण ९० अँपिअर मिळतात.’ साफ खोटं. अल्टरनेटर कसे तपासायचे आणि त्यांच्यावर आकडे कसे छापायचे याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८८५४. त्यानुसार प्लेटवर ‘५०/९०’ असं असेल तर पहिला आकडा अल्टरनेटरच्या मिनिटाला १५०० फेऱ्यांना मिळणाऱ्या अँपिअरचा, दुसरा ६००० फेऱ्यांना. पुलीचं प्रमाण एकास दोन असेल तर ७५० आरपीएमच्या आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) अल्टरनेटर कसाबसा १५०० फिरतो. मिळणार ५०, आणि इंजिन तापलं की त्याहून कमी. विकत घेताना दुकानदाराला पहिला आकडा विचारा, ढाब्यावर गाडी उभी असताना तोच कामाला येतो. इंजिन बंद करून रात्रभर पंखे चालवायचे असतील तर अल्टरनेटर कितीही मोठा असून उपयोग नाही, वेगळी बॅटरीच लागते.

एक गोष्ट मेसेजमध्ये बरोबर आहे, ती मान्य करतो: जास्त अँपिअरमुळे बल्ब उडत नाहीत. अल्टरनेटरचा रेग्युलेटर व्होल्टेज ठरलेलं धरून ठेवतो आणि गाडी मागेल तेवढाच करंट जातो. एलईडी, पंखे, म्युझिक, कॅमेरा असं सगळं वाढवलेल्या गाडीला मूळचा डायनामो अपुरा पडतो, हेही खरंच आहे.

राहिली शेवटची ‘चाचणी’: इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढा, गाडी बंद पडली नाही म्हणजे फिटिंग बरोबर. मामा, तुमच्या गाडीचा डिझेल पंप मेकॅनिकल आहे. अल्टरनेटर काढून घरी ठेवला तरी चालू झालेलं इंजिन तसंच चालत राहील, मग सिद्ध काय झालं? उलट चार्जिंग चालू असताना बॅटरी तोडली की व्होल्टेज क्षणात कितीतरी पट उसळतं आणि नव्या अल्टरनेटरचे डायोड, रेग्युलेटर नाहीतर जीपीएस जातं. इंजिन चालू, हेडलाइट चालू, मल्टीमीटर बॅटरीच्या टर्मिनलवर: १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. वायरमनला एवढंच करायला सांगा, आणि बुश लेथवरून होऊन येईपर्यंत गाडी जुन्या डायनामोवरच चालू द्या.