‘७२ तासांत मणक्यात सिमेंट भरा’ : एका संदेशाचा प्रतिवाद

नेरूळला राहणाऱ्या माझ्या मावशीचा मणका पाण्याची बादली उचलताना चेपला आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्हॉट्सअॅप गटावर एक संदेश आला. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या सासूबाईंच्या भजनी मंडळातही तोच फिरत आहे. त्याचा आशय असा: ठिसूळ हाडामुळे चेपलेला मणका आपोआप जुळत नाही, ७२ तासांत त्यात सिमेंट (सुईने हाडात सोडले जाणारे आणि तिथे घट्ट होणारे वैद्यकीय मिश्रण) भरले नाही तर पाय लुळे पडतात, ही प्रक्रिया पूर्णपणे निर्धोक आहे, एक्स-रे पुरेसा असतो, आणि नंतर हाडांची औषधे घेऊ नयेत, कारण त्यांनी जबडा सडतो. मावशीने मुदत ठेव मोडायला काढली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

७२ तासांची ही मुदत निव्वळ भीती घालणारी आहे. असा मणका चेपतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचा पुढचा भाग खचतो. मज्जारज्जू मागच्या पोकळीतून जातो आणि सहसा सुरक्षित राहतो. पायांतले बळ गेले, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठलेच पाहिजे. पण तेव्हा करावी लागते ती मज्जारज्जूवरचा दाब काढण्याची आणि गरजेनुसार स्क्रू बसवून मणके स्थिर करण्याची शस्त्रक्रिया; नुसते सिमेंट भरून तो दाब जात नाही. म्हणजे संदेशात ज्या संकटाची भीती घातली आहे, त्यावर त्यातला उपाय लागूच पडत नाही! इतर बहुसंख्य रुग्णांचे दुखणे वेदनाशामके, थोडी विश्रांती, गरजेपुरता पट्टा आणि हळूहळू वाढवलेली हालचाल यांनी ६ ते १२ आठवड्यांत पुष्कळ कमी होते.

सिमेंटचा खरा उपयोग किती, हे तपासणारे दोन अभ्यास २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. त्यांपैकी एकात १३१ रुग्ण होते. निम्म्यांच्या मणक्यात सिमेंट भरले. उरलेल्यांना फक्त बधिर करण्याचे इंजेक्शन दिले, त्यांची पाठ दाबली आणि सिमेंटच्या द्रवाची बाटली उघडून त्याचा वास खोलीत पसरू दिला, जेणेकरून आपल्याला काय केले हे रुग्णाला कळू नये. महिन्याभराने दोन्ही गटांचे दुखणे जवळपास सारखेच कमी झाले होते. दुसऱ्या अभ्यासाचा निष्कर्षही तोच होता, आणि अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनेही २०१८ मध्ये ही प्रक्रिया सरसकट करण्यास आधार नसल्याचेच नोंदवले.

एवढे मात्र मान्य करावे लागते की फ्रॅक्चर ताजे असेल आणि पुरेशी औषधे देऊनही रुग्णाला वेदनांमुळे कूस बदलता येत नसेल, तर काहींना सिमेंटने आराम पडतो. २०१६ च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत सहा आठवड्यांच्या आतल्या फ्रॅक्चरमध्ये असा फायदा दिसला आणि उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणारी ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्थाही निवडक रुग्णांना ही मुभा देते. पण तो डॉक्टरांशी बोलून, विचार करून घ्यायचा निर्णय आहे. आणि ही प्रक्रिया ‘निर्धोक’ तर नाहीच: सिमेंट मणक्याबाहेर झिरपू शकते, आणि क्वचित मज्जातंतूंवर दाब आणते किंवा शिरांतून फुप्फुसापर्यंत पोहोचते.

सर्वांत घातक आहे तो औषधे बंद करण्याचा सल्ला, आणि मला खरा संताप आला तो तिथेच. सिमेंट एका मणक्यात जाते. वरचे-खालचे मणके तितकेच ठिसूळ राहतात. मणक्याचे फ्रॅक्चर झालेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचातल्या एकीला पुढच्या वर्षभरातच दुसरे फ्रॅक्चर होते, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. याउलट वर्षातून एकदा शिरेतून दिल्या जाणाऱ्या झोलेड्रॉनिक ॲसिड या हाडे बळकट करणाऱ्या औषधाने तीन वर्षांत मणक्यांची नवी फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी कमी झाल्याचे २००७ च्या मोठ्या चाचणीत आढळले. जबड्याचा त्रास खरा आहे, पण तो मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांना हीच औषधे कितीतरी मोठ्या मात्रेत आणि वारंवार दिली जातात तेव्हा दिसतो. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या मात्रेत तो अत्यंत विरळा आहे. तरीही खबरदारी म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यायला सांगतात. एवढ्या भीतीपोटी औषध टाळणाऱ्या बाईचा पुढचा मणका चेपला, तर त्याची जबाबदारी हा संदेश पुढे पाठवणारे घेणार आहेत का?

राहिला एक्स-रे. फ्रॅक्चर ताजे की जुने, हे त्यावरून पुष्कळदा सांगता येत नाही. एमआरआयमध्ये ते दिसते. शिवाय आपल्याकडे मणक्याचा क्षय दुर्मीळ नाही, आणि कर्करोगानेही मणका असाच खचू शकतो. मणक्यात जंतुसंसर्ग असेल तर तिथे सिमेंट भरायचेच नसते, त्यामुळे ही तपासणी आधी व्हावी लागते.